टेबलापलीकडचे पत्रकार

नव्या वर्षाची दिनदर्शिका भिंतीवर नुकतीच लागलेली असते, बाजारात तीळगूळ दिसू लागलेला असतो, शेताच्या बांधावर हुरडा भाजला जात असतो, आणि अशा प्रसन्न दिवसांत ६ जानेवारी येतो. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक मुंबईत निघाला. म्हणून हा दिवस आपण पत्रकार दिन मानतो. आज जिल्ह्याजिल्ह्यांत बाळशास्त्रींच्या प्रतिमेला हार घातला जाईल, देवगड तालुक्यातल्या त्यांच्या पोंभुर्ले गावी अभिवादनाला मंडळी जमतील, ज्येष्ठांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल आणि एखाद्या तरुण वार्ताहराला त्याच्या पहिल्या मोठ्या बातमीसाठी शाबासकी मिळेल. हे सारे व्हायलाच हवे. वर्षातून एकदा का होईना, लेखणीची पूजा करण्याची आपली रीत आहे.

या समारंभांच्या व्यासपीठावर, बहुधा कडेच्या खुर्चीवर, आणखी एक व्यक्ती बसलेली असते. जिल्हा माहिती अधिकारी असे तिचे पद. निमंत्रणपत्रिकेत तिचे नाव असते, स्वागताच्या गुच्छांतला एक तिच्याही हाती येतो. पण दिवस मात्र तिचा मानला जात नाही. ती टेबलाच्या पलीकडची. प्रश्न विचारणारे इकडे आणि उत्तर देणारे तिकडे, अशी आपण मनाशी रेघ ओढलेली असते. यंदाच्या पत्रकार दिनी त्या रेघेपलीकडे थोडे पाहावे असे वाटते. सरकारच्या वतीने बोलणाऱ्या माणसांविषयी, प्रसिद्धी अधिकाऱ्यापासून पंतप्रधानांच्या माहिती सल्लागारापर्यंत पसरलेल्या या व्यवसायाविषयी, आपण फारसे कधी बोलत नाही. आणि तरीही आपल्या दिवसाची कितीतरी माहिती त्यांच्याच हातून आपल्यापर्यंत येत असते.

ही रेघ मुळातच पुसट आहे. खुद्द बाळशास्त्री एल्फिन्स्टनमध्ये अध्यापन करणारे आणि शिक्षणखात्याच्या कामात आयुष्य घालवणारे विद्वान होते. पुढे १८४८पासून ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रे लिहिणारे लोकहितवादी तर सरकारच्या न्यायखात्यातले नोकर. सरकारी चाकरी आणि सत्य सांगणारी लेखणी एकाच हातात असू शकते, हे मराठी माणसाने फार लवकर पाहिले. मात्र त्यासाठी केवढी कसरत करावी लागते, हेही त्याच पिढीने अनुभवले.

केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा उगम १९१९ सालच्या इंग्रजी राजवटीत झाला. परक्या सत्तेला आपली बाजू मांडायची होती, प्रजेचा कल ओळखायचा होता. स्वातंत्र्यानंतर तीच यंत्रणा लोकांच्या सरकारची झाली; सत्तेची बाजू मांडणाऱ्याला जनतेच्या तिजोरीतून पगार मिळू लागला. या व्यवसायाची सगळी अवघड जागा इथेच आहे. ज्याला मंत्र्याने नेमले, त्याचे खरे धनी कोण? मंत्री बदलतात, सरकारे बदलतात. पगार देणारे आपण तेवढे कायम राहतो.

वर्तमानपत्राच्या कचेरीत संध्याकाळी जो बसला असेल त्याला ही गोष्ट अधिक जवळून दिसते. पाच-साडेपाचच्या सुमारास शासकीय प्रेसनोटा येऊ लागतात. पूर्वी सायकलवरचा शिपाई लिफाफा आणून द्यायचा, मग फॅक्स आला, आता व्हॉट्सॲपच्या गटावर एकामागून एक फाइली पडतात. पालकमंत्र्यांनी आढावा घेतला, यंत्रणांनी सतर्क राहावे असे निर्देश दिले, एकही पात्र लाभार्थी वंचित राहणार नाही. वाक्यांची ठेवण वर्षानुवर्षे तीच. उपसंपादकाची नजर त्यावरून सरसर फिरते आणि चार ओळींत बातमी आटोपते. पण पावसाळ्याच्या एखाद्या रात्री याच गटावर दोन ओळींचा निरोप येतो: धरणातला विसर्ग वाढवला आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सुरक्षित स्थळी जावे. मग सारी कचेरी खडबडून जागी होते. कारण त्या दोन ओळींवर माणसांचे प्राण अवलंबून असतात. २५ जुलै २०२४च्या पहाटे पुण्यात खडकवासल्याचे पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरले, तेव्हा आम्हाला वेळेवर कुणी कळवलेच नाही, अशी तिथल्या रहिवाशांची तक्रार होती. कुणाची चूक किती, हा वेगळा विषय. सरकारचा शब्द योग्य वेळी आणि विश्वास बसेल अशा रीतीने घरोघरी पोहोचणे किती मोलाचे असते, हे कंबरभर पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

आणि विश्वास पुराच्या रात्री उभा करता येत नाही. तो आधीच्या तीनशे साध्या दिवसांत जमवावा लागतो. ज्या अधिकाऱ्याने त्या साध्या दिवसांत खरे सांगितले, ठाऊक नसेल तेव्हा ‘ठाऊक नाही’ म्हटले, आणि सांगता येत नसेल तेव्हा ‘सांगता येणार नाही’ म्हटले, त्याचा निरोप मध्यरात्री लोक ऐकतात.

या व्यवसायाची उंची आणि त्यातला पेच आपल्या देशात कुणामध्ये पाहायचा असेल, तर दोन नावे एकत्र आठवावी लागतात: बी. जी. व्हर्गीज आणि एच. वाय. शारदाप्रसाद. दोघेही पत्रकार. १९६६ साली इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या, त्यानंतर दोघेही त्यांच्या कार्यालयात गेले. व्हर्गीज ‘टाइम्स ऑफ इंडिया’तून आलेले, माहिती सल्लागार म्हणून, शारदाप्रसाद त्यांच्या हाताखाली. व्हर्गीज तीन वर्षे राहिले. १९६९मध्ये ते बाहेर पडून ‘हिंदुस्थान टाइम्स’चे संपादक झाले आणि ज्या सरकारचे म्हणणे त्यांनी काल मांडले होते, त्याच सरकारच्या चुका आता अग्रलेखांतून दाखवू लागले. सिक्कीमच्या प्रश्नावर त्यांनी केलेली टीका विशेष झोंबली. १९७५ साली त्यांना संपादकपद गमवावे लागले. त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. पंतप्रधानांच्या कार्यालयात तीन वर्षे काढूनही त्यांची लेखणी कुणाची मिंधी झाली नाही, याची याहून मोठी पावती कोणती?

शारदाप्रसाद राहिले. त्यांची कहाणी अधिक गुंतागुंतीची, आणि म्हणूनच अधिक वेळ थांबून पाहण्याजोगी आहे. १९२४चा त्यांचा जन्म, घडण म्हैसूरची. १९४२च्या चळवळीत विद्यार्थी असताना तुरुंगात गेलेला हा तरुण पुढे मुंबईत येऊन ‘इंडियन एक्स्प्रेस’ समूहात पत्रकार झाला. नंतर नियोजन आयोगाच्या ‘योजना’ या नियतकालिकाचे संपादन त्यांनी केले. शिवराम कारंतांचे कन्नड साहित्य इंग्रजीत नेणारा, आर. के. नारायण यांना कन्नडमध्ये आणणारा, संगीताची जाण असलेला हा माणूस सत्तेच्या अगदी गाभाऱ्यात वर्षानुवर्षे बसला आणि त्याचा आवाज बाहेर कधी फारसा ऐकू आला नाही. इंदिराबाईंच्या कितीतरी भाषणांमागे त्यांची लेखणी होती. ती भाषणे ज्यांनी ऐकली त्यांना लेखकाचे नाव ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक व्हावे अशी लेखकाचीही इच्छा नव्हती.

१९७५च्या जूनमध्ये आणीबाणी आली. दिल्लीतल्या वर्तमानपत्रांची वीज तोडली गेली, बातम्यांवर सेन्सॉर बसला, हजारो माणसे तुरुंगात गेली. शारदाप्रसाद त्या वेळी पंतप्रधानांचे माहिती सल्लागार होते, आणि त्या पदावर ते राहिले. ज्याने स्वातंत्र्यासाठी तुरुंग पाहिला, त्याच्या मनात त्या दिवसांत काय चालले असेल? त्यांना जवळून ओळखणारी माणसे त्यांच्या सचोटीविषयी, त्यांच्या सौम्यपणाविषयी आदराने बोलत आली आहेत, आणि त्या आदरावर शंका घेण्याचे कारण नाही. तरी त्या एकवीस महिन्यांत या देशातल्या वाचकाला खरे कळण्याचा हक्क नाकारला गेला होता, आणि ज्या खोलीतून तो नाकारला जात होता तिच्या शेजारच्याच खोलीत एक सच्चा पत्रकार बसलेला होता, ही गोष्ट मनाला लागून राहते.

१९८०मध्ये इंदिरा गांधी सत्तेवर परतल्या आणि शारदाप्रसादही परतले. ३० ऑक्टोबर १९८४ रोजी भुवनेश्वरच्या सभेत पंतप्रधानांनी शारदाप्रसादांनी तयार केलेले भाषण बाजूला ठेवले आणि त्या आपल्या मनातले बोलल्या. मी राहीन न राहीन, माझ्या रक्ताचा थेंब न् थेंब देशाला बळ देईल, अशा आशयाचे ते शब्द. दुसऱ्या दिवशी सकाळी निवासस्थानाच्या बागेतून त्या मुलाखतीसाठी निघाल्या. पलीकडे ब्रिटिश अभिनेते पीटर उस्तिनोव्ह कॅमेरे लावून त्यांची वाट पाहत होते. ती मुलाखत झालीच नाही. वर्षानुवर्षे ज्यांनी त्यांच्यासाठी शब्द जुळवले, त्यांनी लिहिलेले शेवटचे भाषण वाचलेच गेले नाही, आणि त्याऐवजी उत्स्फूर्तपणे आलेले चार शब्द इतिहासात राहिले. भाषणे लिहिणाऱ्यांच्या वाट्याला याहून विलक्षण प्रसंग क्वचितच आला असेल.

राजीव गांधींच्या काळातही काही वर्षे काम करून शारदाप्रसाद निवृत्त झाले. त्यानंतर प्रत्येक प्रकाशकाला त्यांच्याकडून एकच पुस्तक हवे होते, आतल्या गोटाचे. त्यांनी ते लिहिले नाही. उलट आपण ते पुस्तक लिहिणार नाही, हेच त्यांनी एका निबंधसंग्रहाच्या नावातून जाहीर केले. विश्वासाने कानावर आलेली गोष्ट बाजारात नेऊ नये, असे त्यांचे मत होते. २००८ साली ते गेले आणि ते सारे आपल्याबरोबर घेऊन गेले. आज निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याची खुर्ची गार होण्याआधी त्याचे आत्मचरित्र छापखान्यात गेलेले असते, अशा काळात हा संयम फार मोठा वाटतो. पण आपण वाचक आहोत, नागरिक आहोत, आणि आपल्या बाजूने पाहिले तर हेही म्हटले पाहिजे की त्या मौनात आपलेही काही बुडाले. आणीबाणीचे निर्णय कसे झाले, कोण काय म्हणाले, कुणी विरोध केला, हे एका नेमक्या आणि न्यायी लेखणीतून उतरले असते, तर पुढच्या पिढ्यांच्या हाती अस्सल कागद लागला असता. व्यक्तीचे गुपित जपणे हा सद्गुण आहेच. राज्याचे सत्य मात्र कुणा एकाच्या मालकीचे नसते.

निघून जाण्याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे. रिचर्ड निक्सन यांना पद सोडावे लागल्यावर ऑगस्ट १९७४मध्ये जेराल्ड फोर्ड राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी ‘डेट्रॉइट न्यूज’चे अनुभवी पत्रकार जेराल्ड टरहॉर्स्ट यांना आपले प्रसिद्धी सचिव नेमले. वॉटरगेटच्या काळात व्हाइट हाउसच्या शब्दाची किंमत पार उतरली होती. आधीच्या प्रसिद्धी सचिवाने सरकारची पूर्वीची निवेदने आता लागू नाहीत, असे सांगून टाकण्यापर्यंत मजल गेली होती. म्हणून टरहॉर्स्ट आले तेव्हा पत्रकारांना हायसे वाटले. निक्सन यांना माफी देण्याचा विचार आहे का, असे पत्रकारांनी विचारले, आणि आतून मिळालेल्या माहितीच्या आधारे टरहॉर्स्ट यांनी तसे काही नाही असे सांगितले. ८ सप्टेंबरच्या रविवारी फोर्ड यांनी माफी जाहीर केली. त्याच दिवशी टरहॉर्स्ट यांनी राजीनामा दिला. जेमतेम महिनाभराची ती नोकरी. त्यांना माफीचा निर्णय पटला नव्हता, हे एक. आणि त्यांच्या तोंडून जे सांगितले गेले ते खोटे ठरले होते, हे दुसरे. त्यानंतर ते पुन्हा ‘डेट्रॉइट न्यूज’मध्ये लिहू लागले.

उलट टोकाला गेलेलाही एक नमुना त्याच व्हाइट हाउसने पाहिला. रोनाल्ड रेगन यांचे प्रवक्ते लॅरी स्पीक्स यांनी १९८८मधल्या आपल्या पुस्तकात कबूल केले की १९८५च्या जिनिव्हा भेटीच्या वेळी रेगन यांच्या तोंडी घातलेली काही वाक्ये त्यांनी स्वतःच रचली होती. राष्ट्राध्यक्ष काय म्हणाले, हे सांगणाऱ्यानेच ते बनवावे, याने केवढी खळबळ माजली. त्यांना आपली नवी नोकरीही सोडावी लागली.

पण प्रत्येक असत्य असे सरळ निकाली निघत नाही. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत स्फोटांची मालिका झाली. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींच्या जखमा ओल्या होत्या. मुख्यमंत्री शरद पवार यांनी स्फोटांची ठिकाणे सांगताना त्यांत मस्जिद बंदरचे नाव घातले. तिथे स्फोट झालाच नव्हता. फक्त हिंदूबहुल भागांतच स्फोट झाले, असा समज पसरून शहर पुन्हा पेटू नये, म्हणून आपण जाणूनबुजून तसे सांगितले, हे त्यांनी पुढे स्वतःच जाहीरपणे सांगितले. त्या संध्याकाळी त्या खुर्चीवर आपण असतो तर काय केले असते, हा प्रश्न विचारून पाहावा. छातीठोकपणे उत्तर देणे सोपे नाही. मात्र एक फरक ध्यानात ठेवायला हवा. तो निर्णय निवडून आलेल्या, विधिमंडळाला उत्तरदायी असलेल्या माणसाने स्वतःच्या नावावर घेतला आणि नंतर उघडपणे मान्यही केला. प्रकल्पातली गळती, रुग्णालयातले मृत्यू, परीक्षेतला गोंधळ झाकण्यासाठी एखाद्या कार्यालयाने काढलेल्या खोट्या खुलाशाला त्या संध्याकाळचा आधार घेता येणार नाही. शांततेसाठीचे असत्य आणि सोयीसाठीचे असत्य, या दोन गोष्टी प्रवक्त्याने मनातसुद्धा एकत्र करू नयेत.

चांगल्या प्रवक्त्याचे रूपही आपण पाहिले आहे. १९९९च्या कारगिल युद्धात दिल्लीतल्या रोजच्या वार्ताहर बैठकीत लष्कराच्या वतीने कर्नल बिक्रमसिंग आणि परराष्ट्र खात्याच्या वतीने रमिंदर जस्सल बोलत. घरोघरी माणसे त्यांची वाट पाहत. आवाज चढवायचा नाही, शत्रूलाही शिवी द्यायची नाही, नेमके तेवढे सांगायचे. सातारा, कोल्हापूर, नगरच्या ज्या घरांतला मुलगा सीमेवर होता, तिथे त्या अर्ध्या तासाचा अर्थ काय होता, हे त्या घरांनाच विचारावे. आणि २०२५च्या मे महिन्यात काय झाले? पाकिस्तानबरोबरची लढाई थांबल्याचे परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी सांगितले, आणि समाजमाध्यमांवर त्यांच्यावर आणि त्यांच्या कुटुंबीयांवर असा चिखल उडाला की त्यांना आपले खाते खासगी करून घ्यावे लागले. निर्णय त्यांचा नव्हता; त्यांनी तो फक्त सांगितला होता. निरोप्याला मारू नये, ही आपली जुनी नीती आहे, आणि ती राजांइतकीच प्रजेलाही लागू आहे.

आज या साऱ्याचा हिशेब मांडताना मन थोडे जड होते. सरकारकडे बोलण्याची साधने कधी नव्हती इतकी आहेत. प्रत्येक मंत्र्याचा स्वतंत्र छायाचित्रकार असतो, तयार चित्रफिती दर तासाला येतात. यात मंत्री बोलतो आणि आपण ऐकतो; विचारायला मध्ये कुणी नसतो. कुठल्याही पक्षाचे सरकार असो, केंद्रातले असो की राज्यातले, खुल्या पत्रकार परिषदा कमी होत चालल्या आहेत, आणि ज्या होतात त्यांतले प्रश्नही कधी कधी आधीच ठरलेले असतात. प्रश्न नसेल तर प्रवक्ता उरत नाही, उरतो तो फक्त जाहिरातदार. व्हर्गीज, शारदाप्रसाद, टरहॉर्स्ट यांच्यापुढे जो पेच उभा राहिला, तो प्रश्न विचारले जात होते म्हणूनच. तो पेच आजच्या माहिती अधिकाऱ्याच्या वाट्याला येत नसेल, तर त्यात त्याचे सुख नाही. त्याच्या कामाचा गाभाच नाहीसा झाला आहे.

म्हणून आजच्या दिवशी सत्ताधाऱ्यांकडे मागणे एवढेच की माहिती खात्यातल्या माणसांना निर्णयाच्या खोलीत बसू द्या, त्यांना पूर्ण खरे सांगा, आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी त्यांना प्रश्नांसमोर उभे करा. टेबलापलीकडच्या सहकाऱ्यांनी, ज्यांतले कितीतरी एकेकाळी आपल्याच कचेऱ्यांतून गेले आहेत, जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणण्याचे धैर्य सोडू नये. आपल्या पत्रकार बंधुभगिनींनी आलेली प्रेसनोट जशीच्या तशी छापण्याआधी एक तरी फोन करावा. आणि वाचकहो, तुमच्या जिल्ह्यातला एखादा अधिकारी कधी अडचणीचे पण खरे सांगताना दिसला, तर त्याच्या पाठीशी उभे राहा. त्याची बदली झाली तर ती का झाली, हे विचारा.